टेकडी, पायवाट आणि कॅमेरा

दुरून डोंगर साजरे, अशी आपल्याकडे म्हण आहे. तिचा अर्थ सर्वांना ठाऊक आहेच. पण आज मला तिची दुसरी बाजू सांगावयाची आहे. जो डोंगर अगदी आपल्या दारात असतो, तो आपण पाहतच नाही. गुरे त्यावर चरतात, पोरे करवंदे काढायला जातात, सरपण तिथूनच येते. परंतु ‘तुमच्या टेकडीचा आकार कसा आहे हो?’ असे कुणी विचारले, तर काठीने मातीत चार रेघा ओढून दाखवणेही आपल्यापैकी अनेकांना जमायचे नाही. आणि शहरातला मनुष्य मात्र तिकीट काढून, रविवारची सुट्टी खर्चून तीच टेकडी पाहायला येतो, फोटो काढतो आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातो.

तेव्हा आज थोडे चालू या आणि चालता चालता आपल्या भूमीचे फोटो कसे काढावेत ते पाहू या. गड सर करण्याची ही गोष्ट नाही. गुडघे दुखत असलेल्या मास्तरांना आणि चौथीतल्या मुलांनाही झेपेल अशी ही चाल आहे. उदाहरणासाठी मी ठाणे जिल्ह्यातले खडवली घेतो. तुमचे गाव दुसरे असेल, तर खडवलीच्या जागी त्याचे नाव घाला. पुष्कळसे तसेच्या तसे लागू पडेल.

खडवली हे मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावरचे, टिटवाळ्याच्या पुढचे आणि वासिंदच्या अलीकडचे स्टेशन. मुंबई-ठाणे रेल्वे 16 एप्रिल 1853 रोजी सुरू झाली, 1854 मध्ये ती कल्याणला आली आणि 1 ऑक्टोबर 1855 रोजी वासिंदपर्यंत पोचली. म्हणजे खडवलीच्या शिवारातून आगगाडी धावू लागली त्याला पावणेदोनशे वर्षे होत आली. गंमत अशी की, कॅमेराही मुंबईत याच काळात रुळला. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी 1854 साली स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या हिंदी सभासदांपैकी एक होते. आगगाडी गावोगाव गेली. कॅमेरा मात्र पुढे शंभर-सव्वाशे वर्षे श्रीमंतांच्या गळ्यात आणि स्टुडिओच्या काळ्या कापडाखाली राहिला. आता तो मोबाइलच्या रूपाने गवंड्याच्या, शेतमजुराच्या, दहावीतल्या मुलीच्या हातात आला आहे. साधन घरात आले. ते वापरायचे कशासाठी, एवढाच प्रश्न उरला.

प्रथम भूमी वाचायला शिकू. खडवलीला उतरून चालत जाण्याजोग्या अंतरावर भातसा नदी आहे. नदीच्या काठाने, मग शेताच्या बांधावरून, मग वरकस माळावरून एखाद्या लहान टेकडीवर जायचे. तास-दीड तासाची चाल. घाई करू नका. दर दहा मिनिटांनी थांबा आणि ज्या वाटेने आलो तिकडे वळून पाहा. वळून पाहिलेली वाट निराळीच दिसते. शिवाय परतताना चुकत नाही.

टेकडीवर उभे राहिलात की एकाखाली एक असे थर दिसतील. सर्वांत खाली नदी. तिच्या बाजूला सपाट, खोल मातीची भातखाचरे, बांधांनी आखलेली. त्याच्या वर मुरमाड माळ, जिथे नाचणी-वरी पिकते किंवा नुसते गवत होते. त्याहून वर साग, ऐन, पळस, करवंदीच्या जाळ्या. गाव बहुधा खाचर आणि माळ यांच्या सीमेवर वसलेले असते, कारण चांगली माती घराखाली घालवायची नाही आणि पुराच्या पाण्यातही बसायचे नाही, हा हिशेब आपल्या वाडवडिलांनी केव्हाच केला होता. हा हिशेब पुस्तकात दहा ओळींत लिहावा लागतो. वरून काढलेल्या एका फोटोत तो सगळा दिसतो.

आता उत्तरेकडे पाहा. क्षितिजावर सुळक्यांची जी दातेरी रांग दिसते, तो माहुली. हा डोंगर 858 मीटर उंचीचा. 1636 साली मोगल आणि आदिलशाही फौजांच्या वेढ्यात शहाजीराजांना याच गडावर तह करावा लागला. पण इतिहास क्षणभर बाजूला ठेवून त्याच्या अंगावरचे आडवे पट्टे न्याहाळा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी येथे जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुनःपुन्हा वाहिला आणि थरावर थर बसला. कठीण थर कड्यासारखा उभा राहिला, मऊ थर झिजून उतार झाला. म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. तुमच्या लहानशा टेकडीतही हीच पायरी असते. पायाखालचा काळा कातळ आणि माहुलीचा कडा हे एकाच घरातले.

मंडळी, आता फोटोकडे वळू. फोटो डोंगराचा असतो असे आपण म्हणतो. खरे पाहता तो डोंगरावर पडलेल्या उजेडाचा असतो. तोच माळ दुपारी बाराला पाहा आणि सकाळी सातला पाहा. दुपारी उजेड डोक्यावरून पडतो, सावल्या पायाशी गोळा होतात आणि सगळी जमीन भाकरीसारखी सपाट दिसते. सकाळी-संध्याकाळी उजेड कडेने येतो. प्रत्येक बांधाला, दगडाला, गवताच्या काडीला लांब सावली मिळते आणि जमिनीचा उंचसखलपणा उठून दिसतो. सकाळ-संध्याकाळचा उजेड तांबूस का, हेही मुलांना सांगण्यासारखे आहे. सूर्य क्षितिजाशी असताना त्याच्या किरणांना हवेच्या फार जाड थरातून यावे लागते. वाटेत निळा उजेड इकडेतिकडे विखुरतो आणि तांबडा-पिवळा तेवढा आपल्यापर्यंत पोचतो.

माहुली खडवलीच्या उत्तरेला असल्यामुळे तिकडे तोंड केले की सकाळचा सूर्य तुमच्या उजव्या हाताला आणि संध्याकाळचा डाव्या हाताला राहतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून चालतो, म्हणजे तो दिवसभर तुमच्या पाठीशीच असतो. तेव्हा माहुलीसाठी नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ सोयीचा. धुके मात्र निवळू द्यावे लागते. पावसाची मोठी सर थांबून ऊन पडले की त्या घटकेला हवा धुतलेली असते आणि दूरचा डोंगर हाताशी आल्यासारखा वाटतो. तसा फोटो उन्हाळ्याच्या धुरकट हवेत कितीही किमती कॅमेरा घेतला तरी मिळत नाही.

फोटो काढण्याची रीत थोडक्यात सांगतो. आधी मोबाइलचे भिंग मऊ कापडाने पुसा. खिशातला घाम आणि तेल त्यावर बसलेले असते आणि निम्मे फोटो त्यानेच धुरकट होतात. क्षितिजरेषा तिरपी येऊ देऊ नका. नदी उताराला लागलेली दिसली तर पाहणारा हसतो. लांबचे जवळ आणण्यासाठी बोटांनी चित्र ताणू नका. जमल्यास चार पावले पुढे जा. नुसता दूरचा डोंगर घेतला तर तो फोटोत एवढासा दिसतो. म्हणून जवळचेही काही चौकटीत असू द्या: एखादा बांध, बाभळीची फांदी, भाताची उडवी. जवळचे, मधले आणि दूरचे असे तीन टप्पे असले की पाहणाऱ्याची नजर पायवाटेने चालल्यासारखी आत जाते. बटन दाबण्यापूर्वी चौकटीच्या चारही कडांवरून एकदा नजर फिरवा. एवढे केले तरी पुष्कळ झाले.

परंतु एका सुंदर फोटोपेक्षा अधिक मोलाची गोष्ट पुढेच आहे, आणि ती फक्त गावात राहणाऱ्यालाच करता येते. ती म्हणजे एकाच जागेवरून, एकाच दिशेला तोंड करून, वर्षभर फोटो काढणे.

दादासाहेब फाळके यांनी 1912 च्या सुमारास एक प्रयोग केला होता. कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा एका जागी ठेवला आणि रोज थोडे थोडे चित्रण करीत राहिले. ते पडद्यावर दाखवले तेव्हा दाण्याचा वेल होताना लोकांनी डोळ्यांनी पाहिला. या ‘अंकुराच्या वाढी’मुळे भांडवल देणाऱ्यांचा विश्वास बसला आणि 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. तिकडे युरोपात सेबास्टियन फिन्स्टरवाल्डर या गणितज्ञाने 1880 च्या दशकाच्या अखेरीस आल्प्स पर्वतातल्या हिमनद्यांचे ठरावीक जागांवरून फोटो घेण्याची पद्धत घालून दिली. हिमनद्या किती मागे हटल्या हे सांगताना आजही अशाच जुन्या-नव्या फोटोंच्या जोड्या पुढे ठेवतात. फाळक्यांजवळ एक कुंडी होती, तुमच्याजवळ अख्खे शिवार आहे.

हे करायचे कसे? टेकडीवरचा किंवा शाळेमागचा एखादा न हलणारा दगड निवडा. त्यावर उभे राहा. चौकटीच्या डाव्या कडेला अमुक झाड आणि उजव्या कडेला अमुक शिखर येईल, असे ठरवून टाका. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, ठरल्या वेळी, तेथूनच फोटो काढा. सोबत वहीत तारीख, वेळ, आभाळ कसे, पीक कोणते, विहिरीचे पाणी किती पायऱ्या खाली, एवढे लिहा. वर्षाचे बारा फोटो छापून वहीत चिकटवा. मोबाइल हरवतो, बिघडतो, वही शाळेच्या कपाटात राहते. ज्या मुलाच्या घरी मोबाइल नाही त्याने पेन्सिलीने चित्र काढावे. ते मुळीच कमी प्रतीचे नाही.

वर्षभरात काय काय दिसेल? जूनमध्ये राब भाजून काळे झालेले तुकडे आणि त्यांवर उगवलेली पोपटी रोपे. जुलैत आवणी, सगळी खाचरे आरशासारखी. ऑगस्ट-सप्टेंबरात माळावर तेरड्याचा गुलाबी रंग. ऑक्टोबरात पिवळे होत चाललेले भात, नोव्हेंबरात उडव्या आणि खळी. डिसेंबरात खाचरांच्या ओलीवर आलेला वाल. जानेवारी-फेब्रुवारीत पाने टाकलेली काटेसावर लाल फुलांनी भरते, मागोमाग पळस पेटतो. एप्रिलमध्ये जमिनीची हाडे दिसतात, आणि मे महिन्यात बहाव्याचे पिवळे झुंबर आणि करवंदे.

शिक्षकबंधू-भगिनींनो, याच दगडावर गणित आणि भूगोलही शिकवता येतो. सकाळी सूर्य उगवतो ती जागा डिसेंबरात आणि जूनमध्ये मुलांना दाखवा. आपल्या अक्षांशावर या दोन जागांत सुमारे 50 अंशांचे अंतर असते. हात ताणून मूठ धरली की ती साधारण 10 अंश झाकते. म्हणजे सूर्य सहा महिन्यांत पाच मुठी सरकला! जूनमध्ये ढग असले, तर मेच्या अखेरीस मोजा. फार फरक पडत नाही. जमिनीत काठी रोवून 22 डिसेंबरच्या मध्यान्ही सावली मोजा. ती काठीच्या उंचीच्या जवळपास भरेल. आणि मे महिन्याच्या मध्यास एक दिवस असा येतो की मध्यान्ही काठीची सावली नाहीशीच होते. जुलैच्या अखेरच्या आठवड्यातही तसा दिवस येतो, पण तो बहुधा पावसात बुडून जातो.

आता कुणी म्हणेल, हा छंद झाला, पोटाचे काय? तर ऐका. भातसा धरण शहापूर तालुक्यात आहे. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांत ते सर्वांत मोठे, आणि मुंबईचे जवळजवळ निम्मे पाणी तेथून येते. धरणातून सोडलेले हे पाणी नदीच्याच पात्रातून खाली येते आणि पिसे येथील बंधाऱ्याशी उचलले जाते. म्हणून कोकणातल्या कितीतरी नद्या मे महिन्यात दगडगोट्यांच्या होतात, पण भातसा वाहती असते. आणि त्याच शहापूर तालुक्यातले कित्येक पाडे दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. एका हाताला भरलेली नदी आणि दुसऱ्या हाताला आटलेली विहीर, यांचे तारीख-वेळेसकट पाच वर्षांचे फोटो ग्रामसभेपुढे ठेवले, तर ते अर्जापेक्षा मोठ्याने बोलतील.

तसेच वणव्याचे. टेकडीचा कोणता उतार कोणत्या महिन्यात जळाला, पुढच्या पावसात तिथली माती किती वाहिली, हे फोटोत उमटते. वीटभट्ट्यांसाठी कोणत्या खाचराची माती गेली, तेही उमटते. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला. तो शेजारच्या भिवंडी तालुक्यात आमणे येथे येऊन मिळतो. रस्ते येतात, गोदामे येतात, इमारती वर येतात. त्यातले काही हवेच असते, काही नको असते. ते ठरवणे हे गावाचे काम. पण आधी तेथे काय होते हे कुणी सांगायचे? नव्या इमारतीचा फोटो बांधणारा काढतोच. तिच्याखाली गेलेल्या बांधाचा, आंब्याचा, पाणवठ्याचा फोटो तुम्ही काढला नाही, तर तो कुणाजवळही नसणार.

शेवटी चार सावधगिरीच्या गोष्टी. त्या मुलांकडून पाठ करून घ्या.

पहिली नदीची. खडवलीला नदीत बुडून माणसे गेल्याची बातमी दर पावसाळ्यात वाचावी लागते. त्यांत बहुतेक तरुण पोरे असतात. इथे ऊन असते, पण वर घाटाकडे पाऊस कोसळत असतो किंवा धरणाचे दरवाजे उघडलेले असतात, आणि पाणी बघता बघता चढते. तळाचा कातळ शेवाळलेला, मध्येच डोह. गुडघाभर पाण्यालाही वेग असला की पाय उचलला जातो. म्हणून पावसाळ्यात पात्रात उतरायचे नाही, पाण्यातल्या खडकावर उभे राहून फोटो काढायचा नाही आणि पाण्याकडे पाठ करून स्वतःचा फोटो तर मुळीच काढायचा नाही. प्रशासनाने मनाई केली असेल तर ती पाळायची. गावकऱ्यांनो, बाहेरून आलेल्या पोरांना तुम्हीच हटका. तुम्हाला डोह ठाऊक आहे, त्यांना नाही.

दुसरी विजेची. मे आणि ऑक्टोबरात दुपारनंतर ढग जमले आणि गडगडाट ऐकू आला, की टेकडी ताबडतोब उतरायची. एकट्या झाडाखाली थांबायचे नाही.

तिसरी सापाची. माळावरच्या दगडांत फुरसे असते. ते लहान आणि मातीच्याच रंगाचे. पायांत बूट, हातात काठी, आणि दगडाखाली हात घालायचा नाही. दंश झालाच तर कापू नका, करकचून बांधू नका. तो अवयव हलू न देता 108 क्रमांकाची गाडी बोलवून सरकारी रुग्णालयात न्या. लस तेथे मिळते, मांत्रिकाकडे मिळत नाही.

चौथी माणुसकीची. आवणी करणाऱ्या बाया चिखलात वाकून काम करीत असतात. त्यांना विचारल्यावाचून फोटो काढू नये. पाड्यावर गेलात तर आधी राम राम, मग चार गोष्टी, मग कॅमेरा. बांधावरून एकामागून एक चाला; ओल्या बांधाची कड ढासळली तर खाचरातले पाणी जाते आणि शेतकऱ्याचा दिवस फुकट. कुंपणाचे कवाड उघडले तर लावून घ्या. खाऊचे कागद खिशात घालून घरी आणा.

आणि सुरुवात करायला महिनाअखेरीची वाट पाहू नका. येत्या सोमवारी शाळा सुटली की पाच मुले बरोबर घ्या, दगड निवडा, त्यावर चुन्याची खूण करा आणि पहिला फोटो काढा. तो फार चांगला आला नाही तरी चालेल. त्याच्या खाली तारीख मात्र लिहा.